अज्ञात कलाकाराचं पान

१

सकाळी आईला उठवायचं, तोंड धुवायचं, खिडकीशी खुर्चीत बसवायचं, चमच्याचमच्याने चहा पाजायचा आणि मग स्वतःचा गार झालेला कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं. धाकटीचा दिवस असा सुरू व्हायचा. चाळिशी उलटली तरी घरादारात ती धाकटीच. बाबा होते तोवर धाकटी म्हणायचे, दादा अजून त्याच नावाने हाक मारतो. ऑफिसातल्या प्रमुखाच्या कानावर ते कसं गेलं कोण जाणे, पण तोही बिनदिक्कत तेच म्हणायला लागला. एकटी आई तिला चिमटे म्हणायची, कारण तान्ही असताना ही बया दूध पिता पिता चिमटे काढायची म्हणे. तेही दोघीच असताना. बाबांना लाडाची नावं खपत नसत.

आता आई काहीच म्हणत नव्हती. वर्षापूर्वी पक्षाघाताच्या झटक्याने तिचा उजवा हात नेला, तोंडाची उजवी बाजू ओघळली आणि वाचा गेली ती गेलीच.

धाकटी घरूनच काम करायची. घरातल्या टीव्हीवर सिनेमे, फोटो, गाणी एका जागी दाखवणारं सॉफ्टवेअर असतं ना, त्यातला गाण्यांचा भाग कसा दिसावा हे ठरवायचं काम तिच्याकडे होतं. आजवर तो भाग म्हणजे नुसती फाइलींची रांग. सिनेमांचा सगळा थाटमाट आणि गाण्यांना सावत्र पोरासारखी वागणूक. "गाणं श्रीमंत दिसलं पाहिजे," असं प्रमुख म्हणाला आणि धाकटीने प्रत्येक कलाकाराला स्वतःचं पान दिलं. वर गोल चौकटीत फोटो, शेजारी नाव, नावाखाली कारकिर्दीची वर्षं, मग सगळी गाणी आणि तळाला 'नुकतंच आलेलं'. फोटो नसेल तर सॉफ्टवेअरने घरच्याच फोटोंत धुंडाळून जमेल तो लावायचा, वर्षं फाइलींच्या तारखांवरून काढायची.

असलं काम खोट्या, नीटनेटक्या गाण्यांवर तपासून भागत नाही. त्याला खरी, साठत साठत अडगळ झालेली लायब्ररी लागते. ती घरात आयतीच होती. बाबांनी रिटायर झाल्यावर कपाटभर कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या आणि प्रत्येकीला गाणाऱ्याचं नाव, साथीला कोण, साल, सगळं मन लावून लिहिलं होतं. एका रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या रांगेतला एकजण खोकतो, तर त्या खोकणाऱ्याचंही नाव त्यांनी टिपून ठेवलं होतं!

फक्त आईच्या गाण्यांना नाव नव्हतं. तिचा आवाज गोड होता, स्वच्छ होता, आणि बाबा लहर लागली की तिला समोर बसवून टेप लावायचे. कॅसेटवर मात्र कोरी पट्टी. धाकटीने एकदा विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "नाव काय लिहायचं त्यात? घरातली बाई ती. ती काय कलाकार आहे?" आणि आई हसली होती. ते हसणं आठवलं की धाकटीच्या तळपायाची आग अजून मस्तकात जायची.

ज्याला नाव नाही त्याला सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी ढकलतं. त्या ठिकाणाचं नाव अज्ञात कलाकार. आईची गाणी, टेप संपल्यावरची खरखर, गाणं सुरू व्हायच्या आधीची कुजबुज, रिकाम्या हॉलचा घुमारा, सगळं त्या एकाच्या नावावर. आणि प्रत्येक कलाकाराला पान हा नियम धाकटीनेच केलेला. त्यामुळे जो माणूसच नाही त्यालाही पान मिळालं.

"ते पान आधी काढून टाक," टेस्टर फोनवर म्हणाली. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणारी धाकटीची मैत्रीण. "सगळेच काढतात. अज्ञात म्हणजे कोणी एक माणूस नव्हे."

"काढते गं बाई. आधी माझ्या आईला त्यातून बाहेर काढू दे."

२

आईला बाहेर काढण्यामागे नुसता मान द्यायचा हेतू नव्हता. वाचेचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची वाट कधी कधी उघडी असते. त्यांचाच जुना आवाज त्यांना ऐकवा. ओठ हलायला लागले तर आशा आहे."

आणि आशा पाहिजेच होती, कारण दादाने आईला ठेवायला वृद्धांची एक संस्था बघून ठेवली होती. धाकटी ती पाहून आली होती. स्वच्छ होती, फरशी चकचकीत, आणि सगळी म्हातारी माणसं टीव्हीसमोर ओळीने मांडलेली. एका बाईच्या मांडीवर जेवणाची ताटली तशीच पडून होती आणि ती बाई टीव्हीकडे नाही, ताटलीकडेही नाही, भिंतीकडे बघत होती. त्या दिवसापासून संस्था हा शब्द ऐकला की धाकटीला ती भिंत दिसायची.

"तुझं वाटोळं होतंय, कळतंय का तुला?" दादा फोनवर म्हणाला. "ना कुठे जाणं ना येणं. आणि तिला तरी काय कळतंय?"

"तिला सगळं कळतं."

"कशावरून?"

"बघते ना ती माझ्याकडे."

"बघतं तर मांजरही," दादा म्हणाला आणि मग त्यालाच ते लागलं असावं, कारण त्याने आवाज खाली आणला. "हे बघ धाकटे, मी रविवारी येतो. ती एक शब्द बोलली, नुसती हाकेला ओ दिली, तरी मी संस्थेचा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर तू हट्ट सोडायचा. कबूल?"

धाकटीने कबूल केलं. करणार काय? दादाच्या जिवावरच अर्धं घर चाललं होतं आणि तो तसा वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती.

दुपारी तिने आईच्या नावाचं नवं पान उघडलं. नाव टाइप करताना तिचा हात थबकला. हे नाव आयुष्यात किती कमी वेळा लिहिलं गेलं होतं! बाबा 'अगं' म्हणायचे, मुलं 'आई' म्हणायची, शेजारपाजारचे 'वहिनी'. तिने पूर्ण नाव टाइप केलं, आणि एकेक गाणं ऐकून अज्ञात कलाकाराच्या पानावरून उचललं आणि आईच्या पानावर ठेवलं. आईच्या खोलीत छोटा स्पीकर होता, त्याच्यावर लावलं.

आईचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण डावा कोपरा गाण्याबरोबर हलत होता. धाकटी खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि ढसाढसा रडली.

३

दुसऱ्या दिवशी तिने अज्ञात कलाकाराचं पान पुसायला म्हणून उघडलं. वर गोलात नेहमीचं करडं डोकं असायचं, नाकडोळे नसलेलं. आज तिथे फोटो होता. त्यांच्याच घरातली आतली खोली. खिडकी, आईची खुर्ची, रिकामी. हा फोटो कधी काढला, कोणी काढला, तिला काही आठवेना. पण घरच्या फोटोंत असले चुकून काढलेले फोटो ढिगाने असतात आणि फोटो शोधून लावायचा नियम तिचाच. तिने तिकडे काणाडोळा केला.

मग तिची नजर कारकिर्दीवर गेली. सुरुवातीचं साल कोरं होतं. पुढे लिहिलं होतं, 'आजपर्यंत'.

म्हणजे आजच्या तारखेची एखादी फाइल इथे आली असणार. ती खाली गेली. 'नुकतंच आलेलं' खाली खरंच एक रेकॉर्डिंग होतं. तिने ते लावलं.

आधी खोलीचा आवाज आला. पंख्याची घरघर, चमचा कपाला लागल्याची किणकिण, चपला फरफटत गेल्या. मग तिचाच आवाज, "आई, तोंड उघड. थोडाच राहिलाय." आजच सकाळचा चहा.

आधी ती दचकली, मग स्वतःवरच चिडली. आईच्या खोलीतल्या स्पीकरला माइक होता. 'गाणं बदल' म्हटलं की गाणं बदलतं, त्याच्या चाचणीसाठी तिनेच तो चालू ठेवला होता. त्याने काहीतरी टिपलं, नाव नसलेली फाइल केली, आणि नाव नसलेलं जिथे जायचं तिथे गेलं. एवढं साधं! तिने आत जाऊन माइक बंद केला, परत येऊन फाइल पुसायला हात उचलला आणि काय वाटलं कोणास ठाऊक, पुन्हा एकदा कान देऊन ऐकली.

तिच्या बोलण्यामागे कोणीतरी गुणगुणत होतं. तोंड मिटून, नाकातल्या नाकात, सूर लागतोय का ते चाचपत.

सकाळी खोलीत ती आणि आई दोघीच होत्या. आणि आई गुणगुणली असती तर धाकटीने आनंदाने घर डोक्यावर घेतलं असतं.

४

आईची गाणी परत गेली. सकाळी पाहते तर आईचं पान रिकामं आणि सगळी गाणी पुन्हा अज्ञात कलाकाराकडे. तिने ती उचलून आणली. जेवण होईपर्यंत पुन्हा परत गेली. तिने टेस्टरला फोन लावला.

"नाव दिलं की ते फाइलीत लिहिलं जातं, मग ते पुसतंय कोण?" टेस्टर म्हणाली. "माझ्याकडे नाही होत असं. माझा अज्ञात कलाकार बिचारा अगदी गरीब आहे, दोन शिट्ट्या आणि एक रिंगटोन."

"माझ्याकडे फोटोही लागलाय त्याला."

"त्याला काय, तुझंच डोकं फिरवायला बसलाय तो! डिस्क जुनी आहे, मरायला टेकलीय ती. बदलून टाक."

डिस्क जुनी होती हे खरंच. धाकटीने नवी आणली, सगळं तिच्यावर उतरवलं, पुन्हा नावं दिली. गाणी पुन्हा परत गेली. आणि या खेपेला तिने ती नीट ऐकली.

गाणी तीच होती, पण आई लांब गेली होती. आधी ती माइकसमोर होती, श्वास घेतलेलाही कळायचा. आता ती खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसून गातेय असं वाटत होतं. ती पुन्हा एकदा परत आणून लावली तेव्हा ती खोलीबाहेर गेली होती, दाराआडून गात होती. आणि माइकजवळ, जिथे आई असायची तिथे, आता दुसरंच कोणीतरी श्वास घेत होतं. गात नव्हतं. नुसतं जवळ बसून ऐकत होतं, शिकवणी लावल्यासारखं.

वारंवार उतरवलं की आवाज बिघडतो, तिने स्वतःला समजावलं. बारीक आवाज मागे पडतात, खरखर पुढे येते, खरखर श्वासासारखी वाटते. हे सगळं खरं होतं आणि याने तिचं तसूभरही समाधान झालं नाही.

पानावरच्या गोलात फोटो तोच होता, तीच खोली, तीच रिकामी खुर्ची. फक्त खुर्चीच्या पाठीवर आता एक हात होता. मनगटापुढे चौकटच संपत होती.

५

गुरुवारी आई बोलली.

धाकटीने मूळ कॅसेट शोधून काढली होती, ती नव्याने उतरवून, नाव देऊन आत स्पीकरवर लावली होती. आई खिडकीकडे बघत होती. गाणं सुरू झालं तसं तिने मान वळवली. स्पीकरकडे नाही. स्पीकरच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे. तिचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि ओठांच्या त्या एका जिवंत कोपऱ्यातून घोगरा, मोडका, पण अगदी चोख शब्द बाहेर पडला.

"नको."

धाकटी हर्षाने किंचाळलीच. "आई! बोललीस! अगं बोललीस तू!" तिने आईचे गाल धरले, मुके घेतले, हसली, रडली. आई तिच्याकडे बघत होती आणि पुन्हा म्हणाली, "नको. नको." धाकटीने फोन उचलला.

"काय बोलली?" दादाने विचारलं.

"नको म्हणाली! दोनदा. तीनदा!"

"कशाला नको?"

"संस्थेलाच म्हणाली असेल, तुला काय वाटलं?" धाकटी म्हणाली आणि दादा पलीकडून हसला. किती दिवसांनी हसला होता.

"बरं बरं. रविवारी माझ्यासमोर बोलू दे, मग बघू. गाणी चालू ठेव, काय?"

गाणी चालू ठेवली. आई नको म्हणत राहिली. व्यायामाच्या बाईही म्हणाल्या की पहिला शब्द बहुतेकांचा हाच येतो, छान लक्षण आहे, थांबू नका. आईने एकदा डाव्या हाताने स्पीकरची वायर ओढून काढली तेव्हा तर त्यांनी टाळ्या वाजवल्या, हातात जोर आला म्हणून. धाकटीने वायर पुन्हा लावली. इतक्या प्रेमाने, इतकं मन लावून कोणी कोणाची शुश्रूषा केली नसेल, पण जिची शुश्रूषा करत होती तिचं ऐकायचंच तेवढं राहून गेलं.

६

शनिवारी दुपारी गाणी पुन्हा अज्ञात कलाकाराकडे गेलेली होती. उद्या दादा येणार. ऐन वेळी लावायला जावं आणि आईचं पान रिकामं निघावं, या विचाराने तिला चैन पडेना. एकेक गाणं उचलून थकली होती बिचारी. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की एकेक उचलायची गरजच काय?

एकाच गायकाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं असलं की त्याची दोन पानं होतात. ती जुळवायला तिने 'एकत्र करा' असं बटण केलं होतं. दोन पानं निवडायची, नाव कुठलं ठेवायचं ते सांगायचं, झालं. त्याच्याशेजारी तिने 'मागे घ्या' हे बटणही केलं होतं. प्रमुखाने ते उडवलं. "कोण चुकून दोन माणसं एकत्र करतंय?" तो म्हणाला होता. "पुढच्या खेपेला बघू." धाकटी त्यावर तावातावाने भांडली होती आणि हरली होती.

तिने अज्ञात कलाकाराचं पान निवडलं. आईचं निवडलं. म्हणजे आईबरोबर ती खरखर येणार, कुजबुज येणार, तो श्वासही येणार, हे तिला कळत होतं. येऊ दे, नंतर निवडून काढू, उद्याचा दिवस तर निभावतो. अज्ञात असा कोणी राहिलाच नाही तर गाणी परत जाणार कुठे?

सॉफ्टवेअरने विचारलं, कुठलं नाव ठेवायचं? तिने आईचं नाव निवडलं.

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. ती धावत गेली. आई खुर्चीत होती, मान खाली, हनुवटी छातीला टेकलेली. डोळा लागला होता. धाकटीने तिच्या अंगावर शाल घातली आणि बाहेर येऊन पाहिलं. आता एकच पान होतं. वर आईचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत. कारकीर्द आजपर्यंत. गोलात पुन्हा करडं डोकं. इतकं भरलेलं, इतकं श्रीमंत पान तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

७

दादा रविवारी दुपारी आला. फळं आणली होती, संस्थेचे कागद आणले होते, दोन्ही टेबलावर ठेवले. आई सकाळपासून झोपाळली होती, चहाही नीट घेतला नव्हता, आणि नको एकदाही म्हणाली नव्हती.

"थांब, गाणं लावते, मग बोलेल."

"राहू दे गाणं," दादा म्हणाला. "माझ्या हाकेला ओ देते का बघू." आणि बाहेरच्या खोलीतूनच, शाळेतून आल्यावर दारातून ओरडायचा तसा तो ओरडला, "आई!"

"आले रे!"

आतून आवाज आला. मोकळा, गोड, स्वच्छ. कॅसेटवरचा. दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढा थोराड माणूस, पण खालचा ओठ थरथरायला लागला.

"गाणं लावलंयस का तू?" त्याने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. स्पीकरची वायर आईने कधीतरी पुन्हा ओढून काढली होती आणि ती तशीच जमिनीवर लोळत होती, हे आत शिरताच तिला दिसलं.

आई ताठ बसली होती. "ये, बस. किती वाळलास रे," ती म्हणाली आणि दादा तिच्या मांडीत डोकं खुपसून हुंदके द्यायला लागला. तिने डावा हात त्याच्या केसांतून फिरवला. धाकटी समोर गेली. तोंडाची उजवी बाजू होती तशीच ओघळलेली होती. ओठ हलत होते, पण शब्दांच्या किंचित मागून. सिनेमाचा आवाज आणि चित्र जुळत नाही तेव्हा दिसतं तसं. असल्या चुका पकडण्यातच तिचा जन्म गेला होता. त्या तोंडातून स्पष्ट, धडधडीत वाक्यं येत होती आणि आईची नजर धाकटीवरून कपाटावर, कपाटावरून भिंतीवर सरळ निघून गेली.

"धाकटे, उभी काय राहिलीस? भाऊ आलाय, चहा टाक."

"आई," धाकटी म्हणाली, "दोघीच असलो की तू मला काय म्हणायचीस गं?"

"धाकटी," आई म्हणाली. "आणखी काय म्हणणार?"

"काय परीक्षा घेतेस तिची!" दादा डोळे पुसत हसला. "वर्षाने बोलतेय ती!" आणि त्याने तिच्यादेखत संस्थेत फोन लावला. जागा नको म्हणून सांगितलं. आई घरीच राहणार, आईला घरीच ठेवणार, कायम.

८

चहा उकळत ठेवून धाकटी कॉम्प्युटरपाशी गेली. आत दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. दादा काहीतरी सांगत होता आणि आई खळखळून हसत होती. बाबांना आवडायचं तसं, बेताने, सुरात.

अज्ञात कलाकाराचं पान परत आलं होतं. अगदी ओकंबोकं. सुरुवातीचं साल नाही, शेवटचंही नाही. एकच रेकॉर्डिंग, आजचं. तिने कानाला हेडफोन लावले.

आधी काहीच नव्हतं. मग एक मोठी रिकामी जागा, हॉलसारखी, घुमणारी. त्या जागेच्या पार टोकाला, इतक्या लांब की कान फाटेस्तोवर आवाज वाढवावा लागला, कोणीतरी घोगऱ्या, मोडक्या आवाजात तेच तेच म्हणत होतं. एवढाच एक शब्द कमावला होता तिने, तोही जिवाच्या आकांताने.

"नको… नको…" आणि मग, श्वास जुळवून जुळवून, "नको… चिमटे."

धाकटीने ते रेकॉर्डिंग निवडलं. कलाकाराच्या जागी आईचं पूर्ण नाव टाइप केलं, एकेक अक्षर बघून, आणि बटण दाबलं. स्क्रीनवर चौकट आली. त्या चौकटीतला मजकूरही तिनेच कधीतरी लिहिलेला होता. हे नाव आधीच वापरात आहे.

"धाकटे," आतून गोड हाक आली, "ते बंद कर बघू. आणि चहा उतू जातोय."